दादाचं मत

४ फेब्रुवारी

दादास,

तुझं प्रचाराचं पत्रक काल दाराच्या फटीतून आत आलं. कागद चांगला गुळगुळीत आहे. शाळेच्या बसगाड्यांचा धंदा शून्यातून उभा केलास, आता रस्ते करणार, दवाखान्यात खाटा वाढवणार, नदीकाठी झाडं लावणार. सगळं वाचलं. उलटून मागचं पानही वाचलं. सक्तीच्या सैन्यभरतीबद्दल एक ओळ नाही.

आज या देशात दोन माणसं एका बाकावर बसली, तर याच विषयावरून भांडून उठतात. अर्ध्यांना वाटतं, वयात आलेल्या प्रत्येकाने दोन वर्षं बंदूक धरलीच पाहिजे. उरलेल्या अर्ध्यांना वाटतं, हे सांगणारं सरकार कोण? माझ्या शेजारणीच्या मुलीचं ठरलेलं लग्न यावरून मोडलं. आणि मतं मागायला निघालेले तुम्ही सगळे मात्र नदीकाठच्या झाडांवर बोलता आहात.

तुझा सख्खा भाचा ‘बंदूक धरणार नाही’ म्हणाला म्हणून तुरुंगात आहे. त्याला आणि त्याच्यासारख्यांना सोडून द्यायचं की नाही, याचं माफीचं विधेयक नव्या सभागृहात पहिल्याच अधिवेशनात येणार आहे. तू निवडून आलास, तर नाव पुकारल्यावर उभं राहून तुला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावं लागेल. मला एवढंच विचारायचं आहे. तू काय म्हणणार?

फोनवर विचारलं की तू ‘नंतर बोलू’ म्हणतोस. कागदावर तसं म्हणून फोन ठेवून देता येत नाही, म्हणून पत्र.

बेबी


९ फेब्रुवारी

बेबीताईंना नमस्कार.

तुमच्या दादांना श्वास घ्यायला वेळ नाही, म्हणून मी लिहिते आहे. हे पत्रही गाड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये बसून लिहिते आहे, कारण तेच आता आमचं प्रचाराचं कार्यालय. जुन्या टायरवर बसून कार्यकर्ते पत्रकांच्या घड्या घालतात आणि प्रत्येक घडीवर ग्रीसचा एक अंगठा उमटतो. तुमच्या पत्रकावर नव्हता का? बरं झालं, नाहीतर त्यावरही पत्र आलं असतं.

तुम्ही विचारता, काय म्हणणार. मी विचारते, कशाला म्हणायचं? पुलाच्या अलीकडे ‘सक्ती नको’ म्हटलं तर टाळ्या पडतात आणि पुलाच्या पलीकडे तेच म्हटलं तर गाडीच्या काचा फुटतात. मतं दोन्हीकडची लागतात. जो निवडूनच आला नाही त्याचं मत सभागृहात कोण विचारणार? तुम्ही आयुष्य वर्गात काढलंत. तिथे समोर बसलेल्यांना उठून जाता येत नाही. इथे येतं.

दुसरं. दर निवडणुकीला वाचनालयाच्या हॉलमध्ये उमेदवारांची समोरासमोर सभा होते, तिच्या अध्यक्ष तुम्ही असता. या वेळी नसावं. एका उमेदवाराची बहीण, त्यात तुरुंगातल्या मुलाची आई. लोक काय म्हणतील, ते मी सांगायला हवं असं नाही. तुम्ही स्वतःहून बाजूला झालात तर शोभून दिसेल.

रागावू नका. रागावलात तरी चालेल, पण गप्प राहा.

तुमची वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनींस,

प्रश्न मी माझ्या भावाला विचारला होता. उत्तर त्याच्या बायकोकडून आलं. ज्याला बहिणीला उत्तर द्यायला माणूस नेमावा लागतो, तो लोकांना काय उत्तरं देणार?

आता तुमच्या मुद्द्याचं. अध्यक्षपद मी सोडते. तुम्ही म्हणता म्हणून नव्हे, तुमचं कारण बरोबर आहे म्हणून. उमेदवाराच्या बहिणीने त्या खुर्चीवर बसू नये, हे मला तुमच्याआधी सुचायला हवं होतं. माझ्या जागी औषधाच्या दुकानाचे मालक बसतील. त्यांचं दोन्ही बाजूंशी पटत नाही, तेव्हा माणूस योग्य आहे.

फक्त सभेचा नियम राहील. तुम्हाला तो ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते, म्हणजे नंतर माहीत नव्हतं असं व्हायला नको. हा नियम मी शाळेच्या वादविवाद मंडळात घातला आणि तिथून तो हॉलमध्ये आला. कोणत्याही प्रश्नावर आपलं मत मांडण्याआधी प्रत्येकाने समोरच्याचं मत मांडायचं. ते ऐकून समोरच्याने ‘हो, हेच माझं म्हणणं’ किंवा ‘नाही, हे माझं म्हणणं नाही’ एवढंच म्हणायचं. जास्त बोलायची परवानगी नाही. मुलं या नियमाला फार वैतागत. कारण दुसऱ्याच्या तोंडून आपलं म्हणणं ऐकलं, की ते किती पोकळ आहे ते आपल्यालाच कळतं.

सभेत मी काहीही विचारणार नाही. शेवटच्या रांगेत बसेन.

बेबी


१६ फेब्रुवारी

बेबीताई,

तुम्ही एवढ्या लवकर ऐकाल असं वाटलं नव्हतं. मोठ्या मनाने खुर्ची सोडलीत, तुमच्या दादांनाही बरं वाटलं. नियम खुशाल राहू द्या. त्यात आमचं काय जातं? समोर उभे आहेत ते दाताचे डॉक्टर. त्यांच्या माणसांशी माझं बोलणं झालं आहे. नाजूक विषय त्यांनाही नको आहे. ते आमच्या वाटेला जाणार नाहीत, आम्ही त्यांच्या. राजकारणात एवढा समजूतदारपणा असतो, तुम्हाला खरं वाटणार नाही.

आणखी एक सांगते. निवडणूक होऊ द्या. तोवर हा विषय कोणी काढला नाही, तर पुढे जे व्हायला हवं ते होईल. याहून जास्त मला लिहिता येत नाही. लिहिलेलं कागदावर राहतं.

वहिनी


१८ फेब्रुवारी

वहिनींस,

‘जे व्हायला हवं ते होईल’ असं वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं असतं, तर मी त्याला उभं करून विचारलं असतं: कोणाला हवं, आणि करणार कोण? तुम्ही मला गप्प बसवायला कोपराला गूळ लावता आहात, एवढं न कळण्याइतकी मी भोळी नाही.

दोन उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि आधी बसून ठरवतात, की लोकांना जे विचारायचं आहे तेवढंच सोडून सगळं बोलायचं. याला तुम्ही समजूतदारपणा म्हणता. माझ्या वर्गात याला कॉपी म्हणायचे.

बेबी


२ मार्च

वहिनींस,

कालच्या सभेत तुम्ही सगळा वेळ दाराबाहेर फोन कानाला लावून उभ्या होता. पहिला आणि दुसरा प्रश्न तुमच्याच माणसांनी विचारला, म्हणून निर्धास्त असाल. आत काय झालं त्याच्या दहा तऱ्हा तुमच्या कानावर आल्या असतील. जसं झालं तसं लिहिते.

झाडं झाली, खाटा झाल्या. मग मधल्या रांगेतून कापडाच्या गिरणीतली एक बाई उठली. तिचा मुलगा सीमेवर आहे. दोन वर्षं संपली तरी त्याला घरी सोडलेलं नाही. म्हणजे माझ्यासारखी बाई नव्हे, उलट बाजूची. तिने विचारलं, “सक्तीची भरती हवी की नको? ज्यांनी नकार दिला त्यांना सोडणार की नाही? दोघांनीही सांगा. बाकी मला काही ऐकायचं नाही.”

औषधवाल्यांनी नियमाप्रमाणे आधी दादाला उभं केलं. “आधी डॉक्टरांचं मत सांगा.”

दादा हसला. म्हणाला, “डॉक्टरांचं म्हणणं असं, की विषय नाजूक आहे, सर्व बाजूंचा विचार करून योग्य वेळी निर्णय घ्यावा.”

डॉक्टर म्हणाले, “हो, हेच माझं म्हणणं.”

“आता तुमचं मत,” औषधवाले म्हणाले.

“माझंही तेच.”

हॉल हसू लागला. गिरणीवाली मात्र हसली नाही. ती म्हणाली, “मग मी मत कोणाला देऊ? का तुम्ही दोघं मिळून एकच उभे आहात?” मागून कोणीतरी ओरडलं, “डॉक्टर, आयुष्यभर लोकांना ‘आ करा’ म्हणालात, आता स्वतः करा!” त्यावर असा काही हशा पिकला, की डॉक्टरांचे कान लाल झाले. समजूतदारपणा तिथे संपला, वहिनी. माणूस हसू सहन करत नाही.

आता त्यांची पाळी होती. त्यांनी दादाचं मत मांडायचं. डॉक्टर उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि शांतपणे म्हणाले, “यांचं म्हणणं असं, की भरती सक्तीचीच हवी आणि नकार देणाऱ्यांना माफी नको. यांचा सख्खा भाचा त्याच गुन्ह्यासाठी आत आहे, आणि हे एकदाही त्याचं तोंड बघायला गेलेले नाहीत. इतकं यांचं मत पक्कं आहे.”

दादाने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. म्हणाला, “हा घरचा विषय आहे.”

औषधवाले म्हणाले, “तसं चालत नाही. हो, हेच माझं म्हणणं. किंवा, नाही, हे माझं म्हणणं नाही. दोनांतलं एक.”

मी शेवटच्या रांगेत होते. दादाने मला पाहिलं. मग पुलापलीकडचे लोक बसले होते त्या बाजूला पाहिलं. ती बाजू भरलेली होती, आमची अर्धी रिकामी. तुमचा भाऊ मोजणी करतो आहे, असं मला स्पष्ट दिसलं. म्हणजे माझा भाऊ. चुकून तुमचा लिहिलं, पण खोडत नाही.

“हो,” तो म्हणाला, “हेच माझं म्हणणं.”

टाळ्या तुम्हाला बाहेर ऐकू आल्याच असतील.

चला, उत्तर मिळालं. एका ‘हो’साठी मला तीन पत्रं लिहावी लागली.

बेबी


११ मार्च

बेबीताई,

निकाल तुम्हाला कळला असेल. आम्ही जिंकलो, पुलापलीकडच्या मतांवर. वर्तमानपत्रं त्यांना ‘ठाम नेता’ म्हणतात. घरी हारांचा ढीग पडला आहे आणि तुमचे दादा गाड्यांच्या शेडमध्ये जाऊन एका बंद बसमध्ये बसून राहतात. ड्रायव्हरच्या सीटवर नाही, मुलं बसतात त्या मागच्या बाकावर. मी जेवायला हाक मारली की येतात, जेवतात, परत जातात.

आता ऐका. मी तोंडाला कुलूप लावून ठेवलं होतं, ते आज काढते, कारण आता झाकायला काही उरलं नाही.

ते तुरुंगात जात होते. एकदा नाही, पुष्कळदा. शाळेच्या सहलीची गाडी त्या बाजूला निघाली की स्वतः चालवत न्यायचे आणि मुलं किल्ला बघत असतील तेवढ्या वेळात भाच्याला भेटून यायचे. तुम्हाला सांगायचं नाही, असं त्यानेच बजावलं होतं. का, ते त्यालाच विचारा. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर धादांत खोटं सांगितलं आणि यांनी ‘हो’ म्हटलं. ‘नाही, मी जातो’ म्हटलं असतं तर त्याच हॉलमध्ये निवडणूक संपली असती.

आणि ते माफीच्या बाजूने मत देणार होते. पक्ष काहीही म्हणो, मत देणार होते. मला घराबाहेर कोणालाही हे सांगायची बंदी होती. निवडून यायचं, तोंड मिटून बसायचं आणि नाव पुकारलं की ‘हो’ म्हणायचं, असं त्यांचं ठरलं होतं. ‘जे व्हायला हवं ते होईल’ म्हणून मी तुम्हाला लिहिलं, तर तुम्ही माझे मार्क कापलेत.

आता विधेयकाच्या विरोधात पहिलं भाषण पक्षाने यांनाच दिलं आहे. ‘तुमच्या घरातलंच उदाहरण आहे, तुमच्याइतकं परिणामकारक कोण बोलणार?’ असं नेत्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं. दोन्ही बाजू इतक्या बरोबरीत आहेत, की दोन-चार मतांवर सगळं फिरेल. तुमच्या पोराची सुटका त्यांच्या गप्प बसण्यावर होती, बेबीताई. तुम्ही आणि तुमच्या नियमाने त्यांना बोलायला लावलं. आता घ्या उत्तर, आणि भिंतीवर लावा.

वहिनी


१७ मार्च

वहिनींस,

तुमचं पत्र वाचून मी आधी तुरुंगात गेले, मग लिहायला बसले.

मुलगा वाळला आहे. तिथे त्याला शिवणकामाला लावलं आहे, गणवेशांच्या बाह्या जोडतो. सैनिकांचेच गणवेश. ‘बंदूक धरली नाही तर सुई धरायला लावली’ म्हणून हसला. मी थेट विचारलं, मामा येत होता का? म्हणाला, “यायचा. आधी रुमालाने खुर्ची पुसायचा, मग ‘आई कशी आहे’ म्हणायचा, मग बसच्या इंजिनाबद्दल बोलत राहायचा. कायद्याचा विषय आम्ही काढत नव्हतो.” मला सांगायचं नाही असं का बजावलंस, विचारलं. म्हणाला, “आई, तू त्याला इथेसुद्धा उभं करून मत विचारलं असतंस.”

हे तुम्हाला मुद्दाम कळवते. वाचून बरं वाटलं असेल.

मग हॉलमधलं मी त्याला सांगितलं. पहारेकऱ्याने वेळ संपल्याची खूण केली तेव्हा तो म्हणाला, “मामा आता येणार नाही ना?” सुटकेबद्दल एक शब्द विचारला नाही.

आता तुमच्या हिशेबाचं. तुम्ही म्हणता, मी गप्प बसले असते तर मुलगा सुटला असता. असेलही. रोज सकाळी उठल्यावर मला हे आठवेल, याची तुम्ही चोख व्यवस्था केली आहे. पण एक सांगा. गिरणीतली ती बाई मी आणलेली नव्हती. तिचा मुलगाही अडकला आहे, दुसऱ्या टोकाला. तिला मतासाठी एक तोंड दाखवायचं आणि सभागृहात दुसरं, असं तुमचं ठरलेलं होतं. माझ्या मुलासाठी तिला फसवायचं. ते चाललं असतं तर आज मी हार घेऊन तुमच्या दारात उभी असते, आणि तेव्हा मी त्या बाईला कोणतं तोंड दाखवलं असतं?

दादाला मत नसतं तर मी त्याला माफ केलं असतं. पुष्कळांना नसतं. त्याला मत होतं, आणि ते त्याने टाळ्यांच्या बाजूला ढकलून दिलं. नियम फक्त दोन पर्याय देत होता. त्यांतला एक खरा होता. तो त्याच्या जिभेवर होता.

मतदान नऊ एप्रिलला आहे. सभागृहात प्रेक्षकांसाठी वर सज्जा असतो. मी तिथे येणार आहे.

बेबी


२२ मार्च

बेबीताई,

येऊ नका. हात जोडून सांगत नाही, बजावून सांगते आहे. वर्तमानपत्रवाले तुम्हाला ओळखतात. तुम्ही वर, ते खाली, असा फोटो छापून येईल आणि आमचं जे थोडंफार उरलं आहे तेही जाईल. त्यांची प्रकृती बरी नाही. भाषण मी लिहून देते आहे, ते चार ओळी वाचतात आणि कागद बाजूला ठेवतात. तुमच्यामुळे एवढं झालं, तेवढं पुरे.

तुम्हाला पाहायचंच असेल तर टीव्ही आहे.

वहिनी


३१ मार्च

बेबी,

तुझ्या वहिनीला न सांगता लिहितो आहे. बसमध्ये बसून लिहितो आहे, अक्षर वेडंवाकडं येईल.

तुझ्या पहिल्या पत्राचं उत्तर मीच द्यायला हवं होतं. लिहायला घेतलं होतं. ‘हो’ एवढंच लिहायचं होतं. मग वाटलं, हे पत्र कोणाच्या हाती लागलं तर? आणि वहिनीला म्हटलं, तूच लिही काहीतरी.

हॉलमध्ये मी दोन्ही बाजूंना पाहिलं ते तू लिहिलं आहेस. खरं आहे. मोजलं. एवढी वर्षं गाडीत मुलं मोजून घेतो, नजर टाकली की आकडा कळतो. आकडा कळला आणि तोंडातून ‘हो’ निघून गेलं.

नऊ तारखेला माझं नाव आठवं आहे. सज्जा अगदी समोर येतो. मी जाऊन उभा राहून पाहिलं. भाषण मी कसंबसं वाचून टाकीन, खाली मान घालून. पण नाव पुकारलं की वर बघावंच लागतं. तू समोर असलीस तर मला ‘नाही’ म्हणता येणार नाही. आणि नाही म्हटलं तरच मी सभागृहात राहतो. पक्षाने तसं स्पष्ट सांगितलं आहे. मी साठी ओलांडली, बेबी. दुसरं काही आता माझ्याने उभं होणार नाही.

म्हणून मागतो. तू येऊ नकोस.

दादा


३ एप्रिल

दादा,

पत्र मिळालं. तुझ्या हातचं आहे, ओळखलं.

सज्ज्याचा पास काढला आहे. पहिली रांग. गिरणीतल्या बाईलाही बरोबर घेऊन येते आहे, तिला तुझ्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकायचं आहे. म्हणायचं ते म्हण, पण मान वर करून म्हण.

बेबी